तांदळातलं ब-१ कसं घालवावं? उत्रोलीच्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या घरच्या तांदळात अजून ब-१ जीवनसत्त्व शिल्लक आहे, पण ते घालवायचं कसं हे ठाऊक नाही, अशा होतकरू कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. पूर्वानुभवाची गरज नाही. शिक्षणाची अट नाही. शिकलेली माणसं हे काम उलट जास्त सफाईने करतात, असं दिसून आलं आहे.

प्रात्यक्षिकासाठी भोर तालुक्यातल्या उत्रोलीची निवड मुद्दाम केली आहे. भोर-वेल्ह्याचा हा पट्टा भाताचा. मृगाचा पाऊस पडला की रोपं टाकायची, चिखलणी करायची, आवणीला दिवसभर वाकून कंबरेचं खोबरं करून घ्यायचं, मग दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. एवढा खटाटोप करून घरात आलेल्या भातातला सगळ्यांत मोलाचा भाग काढून टाकण्यात जी मजा आहे, ती विकतच्या तांदळात नाही. पुण्यातल्या माणसाला तांदूळ मिळतो तोच ब-१ काढलेला. स्वतःच्या हाताने काही करण्याची संधीच त्याला उरत नाही. उत्रोलीकराला ती आहे, तिचं त्याने सोनं करावं.

वाणाची चिंता नको. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर करून १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी असो, नाहीतर घरचा जुना आंबेमोहर असो, कृती तीच.

ज्याला घालवायचं, त्याची ओळख

ब-१ म्हणजे थायमिन. भाताच्या दाण्यावरचं तूस काढलं की आत एक तपकिरी पापुद्रा दिसतो आणि एका टोकाला बारीकसा अंकुर. ब-१ चा मुक्काम मुख्यतः या दोन ठिकाणी. त्याच्या आतला शुभ्र भाग बहुतेक सगळा पिष्ट. तेव्हा शुभ्रता वाढेल तसं ब-१ घटत जाईल, एवढं सूत्र ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

त्याचे उपद्व्याप असे. आपण भात, भाकरी, साखर जे काही पिष्टमय खातो, त्यापासून पेशींना शक्ती मिळते ती ब-१ हाताशी असेल तरच. ते नसेल, तर पोट भरतं पण अंगात त्राण येत नाही. मेंदू, मज्जातंतू आणि हृदय या तिघांना शक्तीचा पुरवठा अखंड लागतो, म्हणून ब-१ कमी पडलं की पहिली बोंब तिथूनच येते. जो जास्त भात खातो, त्याला ब-१ ही जास्त लागतं. निसर्गाने ते भाताच्याच दाण्यावर गुंडाळून पाठवलेलं असतं; पण निसर्गाला हल्लीचा पांढरेपणाचा दर्जा माहीत नाही.

आपल्या दृष्टीने आनंदाची बाब म्हणजे ब-१ चा शरीरातला साठा अगदी तुटपुंजा असतो, सगळा मिळून सुमारे २५ ते ३० मिलिग्रॅम. बाहेरून आवक थांबली, की दोन-तीन आठवड्यांत तो आटतो. ब-१२ सारखं वर्षानुवर्षं यकृतात ठाण मांडून बसण्याची सवय त्याला नाही.

साहित्य

भात, गरजेप्रमाणे. एक गिरणी, शक्यतो पॉलिशची सोय असलेली. एक मोठं पातेलं आणि भरपूर पाणी. खाण्याचा सोडा. चहा. पाहुणे काय म्हणतील याची धास्ती, एक मूठ. ही शेवटची जिन्नस नसेल, तर बाकी साहित्य असूनही कृती फसते.

टप्पा पहिला: गिरणी

भाताचं पोतं गिरणीत न्यावं. हलर सुरू झाला की पट्ट्याचा आवाज असा काही घुमतो, की पुढची सगळी बोलणी ओरडूनच करावी लागतात. पन्हाळीतून तांदूळ पडायला लागला की गिरणीवाला त्यातले मूठभर दाणे तळहातावर घेतो, अंगठ्याने रगडतो, फुंकर मारतो आणि हात पुढे करतो. या वेळी दाणे किंचित तांबूस, पिठूळ, टोकाला अंकुराचा ठिपका असलेले दिसतात. हाच तो धोक्याचा क्षण. इथे समाधान मानलं, तर ब-१ घरी येतं.

"काकी, बघा, झालाय का?"

"अरं, ह्यो कसा लाल लाल दिसतोय. पाव्हणं यायचेत. मार अजून एक हात!"

"अजून मारला तर कणी पडंल."

"पडू दे. पांढरा पायजे."

हा संवाद नवशिक्यांनी तोंडपाठ करावा. दुसरा हात मारून झाला, की दाणा काचेसारखा गुळगुळीत होतो आणि खाली पिवळसर, तेलकट, खमंग वासाचा कोंडा साचतो. त्या कोंड्यात ब-१ आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम हातसडीच्या तांदळात ०.२१ मिलिग्रॅम ब-१ दिलेलं आहे. तेवढ्याच गिरणीच्या पांढऱ्या तांदळात ०.०६. एकाच टप्प्यात सत्तर टक्के काम फत्ते होतं, आणि तेही दळणावळीचे पैसे देऊन.

मुसळ घेऊन उखळाशी बसणाऱ्या बाईकडून मात्र एवढी सफाई होत नव्हती. कितीही कांडलं तरी पापुद्र्याचा अंश दाण्याला चिकटून राहायचाच. अर्थात त्या कांडणात तिचे खांदे जायचे आणि पहाट जायची. गिरणीने ते कष्ट वाचवले, ते बरंच झालं. उखळ पुन्हा अंगणात आणा, असं सांगणाऱ्या पुरुषाच्या हातात आधी मुसळ द्यावं.

टप्पा दुसरा: कोंड्याची विल्हेवाट

कोंडा घरी आणून म्हशीपुढे ठेवावा, किंवा गिरणीवाल्याला सोडून द्यावा. १०० ग्रॅम कोंड्यात तांदळाच्या कितीतरी पट, दोन मिलिग्रॅमहून अधिक ब-१ असतं. म्हशीला त्यातलं तेल आणि प्रथिनं उपयोगी पडतात, हे खरं. ब-१ ची मात्र तिला गरज नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू ब-१ स्वतःच तयार करतात. तेव्हा ज्याला हे जीवनसत्त्व बाहेरून घ्यावंच लागतं, त्या माणसाकडून काढून, ज्याला ते घरबसल्या मिळतं त्या जनावराला देणं, हा या पद्धतीचा कळस समजावा.

टप्पा तिसरा: धुणं

पहिल्या टप्प्यातून वाचलेलं ब-१ पाण्यात विरघळणारं आहे. तांदूळ पातेल्यात घ्यावा, चोळचोळून धुवावा, पाणी दुधासारखं पांढरं झालं की ओतावं, पुन्हा घ्यावं. पाणी अगदी नितळ निघेपर्यंत थांबू नये. अशा धुण्यात उरलेल्यापैकी चाळीस टक्क्यांपर्यंत ब-१ मोरीवाटे जाऊ शकतं. माती-खडा जाण्यासाठी एकदा-दोनदा हलक्या हाताने धुणं पुरतं, पण ते झालं सामान्य माणसांचं.

टप्पा चौथा: शिजवणं

भरपूर पाण्यात भात शिजवावा आणि वेळून पेज ओतून द्यावी. आजारी माणसाला, बाळंतिणीला, लहान मुलाला पेज देण्याची जुनी खोड घरात असेल, तर ती मोडावी. कारण दाण्यातून सुटलेलं ब-१ त्या पेजेतच असतं. मोजून पाणी घालून कुकरमध्ये भात लावू नये. त्यात बाहेर पडलेलं सगळं पुन्हा भातातच मुरतं.

हरभरा, मटकी, वाटाणा लवकर शिजावा म्हणून चिमूट-चिमूट करत सोडा घालावा. आम्लात ब-१ तग धरतं, क्षारात मरतं. म्हणून आमटीत चिंच-आमसूल टाकणाऱ्या बायका या कामी अडथळा ठरतात, सोडा टाकणाऱ्या मदतनीस. जेवणावर लगेच कडक चहा घ्यावा, मग सुपारी चघळावी. दोन्हींतले काही घटक ब-१ निकामी करतात. दारू पिणाऱ्यांना तर वेगळं काही शिकवायला नको. दारू आतड्यातून ब-१ नीट शोषू देत नाही. अशा माणसाला मेंदूचा जो गंभीर विकार होतो, त्यामुळे तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते आणि स्मृती कायमची जाऊ शकते.

नेहमी होणाऱ्या चुका

एवढं करूनही ताटात ब-१ सापडतं, अशी तक्रार येते. चूक तांदळाची नसून शेजारच्या वाटीची असते. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ०.९० मिलिग्रॅम ब-१, तिळात साधारण १. मटकी, मूग, तुरीची डाळ ०.४५ च्या आसपास. नाचणी ०.४२, ज्वारी ०.३७, बाजरी ०.३३. म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरातला एखादा म्हातारा सकाळी नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मटकीची उसळ खाऊन निघाला, की आपली चार टप्प्यांची मेहनत मातीमोल.

यावर उपाय सोपे आहेत. भाकरीच्या जागी पाव-खारी आणावी. मैद्यात ब-१ जेमतेम ०.१२ आहे. नाचणी गरिबांचं खाणं आहे, असं मुलांच्या मनावर बिंबवावं. उसळीऐवजी बटाटा. शेंगदाणे फक्त उपासाला.

या कार्याची थोर परंपरा

आपण काही तरी नवीन करतो आहोत, असा गैरसमज नसावा. पॉलिशच्या तांदळाने जग गाजवलेलं आहे. १८८२ साली जपानी आरमाराचं 'र्‍युजो' हे जहाज लांबच्या सफरीला निघालं. ३७६ खलाशी होते, खाणं मुख्यतः पांढरा भात. त्यांतल्या १६९ जणांना बेरीबेरी, म्हणजे ब-१ च्या कमतरतेचा आजार, झाला आणि २५ जण मेले. पाय बधिर होणं, पोटऱ्या दुखणं, उकिडवं बसलं तर उठता न येणं हा कोरडा बेरीबेरी. अंगाला सूज येऊन हृदय थकणं हा ओला. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळालाही तो होतो आणि दोन-तीन महिन्यांचं मूल बघता बघता हातचं जातं. आईच्या दुधातच ब-१ पुरेसं नसतं, म्हणून.

जावा बेटावर व्होर्डरमन नावाच्या आरोग्य अधिकाऱ्याने १०१ तुरुंगांची पाहणी केली आणि १८९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. पॉलिशचा पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत ३९ जणांमागे एकाला बेरीबेरी. पापुद्र्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत दहा हजारांमागे जेमतेम एकाला. एवढा उघड निकाल फार थोड्या प्रयोगांना मिळतो.

विघ्नसंतोषी मंडळी

चांगल्या कामात विघ्नं येतातच. जपानी आरमारातला वैद्य ताकाकी कानेहिरो याने १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण जेवणात बदल करून. या खेपेला बेरीबेरीने एकही माणूस मेला नाही.

बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डच डॉक्टर आइकमन कोंबड्यांवर प्रयोग करत होता. कोंबड्या लुळ्या पडत होत्या, मग एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि त्याने सरकारी भात बिनसरकारी कोंबड्यांना द्यायचा नाही, असं ठणकावलं. पुन्हा साधा, पापुद्र्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या उठून चालायला लागल्या. त्या आचाऱ्याचं नाव कोणी लक्षात ठेवलं नाही; आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. त्याच जावात यान्सेन आणि डोनाथ यांनी १९२६ मध्ये ब-१ चे स्फटिक वेगळे काढले ते कशातून? तांदळाच्या कोंड्यातून.

आपल्याकडेही हा त्रास झालाच. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन याने एका खोलीत बेरीबेरीच्या चौकशीचं केंद्र सुरू केलं. तेच वाढत वाढत हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झालं. देशाच्या पोषणशास्त्राची पाटीच मुळी पॉलिशच्या तांदळामुळे लागली.

मग वर्ध्याहून हल्ला आला. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं आणि हातसडीचा तांदूळ हा त्यातला एक मुख्य कार्यक्रम ठरला. स्वराज्याच्या लढ्यात तांदळाच्या कोंड्याचं काय काम, असा प्रश्न तेव्हाही सुशिक्षितांना पडला असेल. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये केंद्र सरकारने भात गिरण्यांना परवान्याचं बंधन घालणारा कायदा केला, त्यातही हातसडीच्या रोजगाराचा विचार होता. सुदैवाने पांढऱ्या भाताची आवड या सगळ्यांना पुरून उरली.

कोकण आणि गोवा हे मात्र कायमचं डोकेदुखीचं प्रकरण. तिथे भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. वाफेच्या जोराने पापुद्र्यातलं ब-१ दाण्याच्या गाभ्यात शिरतं. मग तो उकडा तांदूळ गिरणीत पांढरा केला, तरी १०० ग्रॅममागे ०.२१ मिलिग्रॅम ब-१ राहतंच. वर ती माणसं त्याची पेजही पितात. अशांपुढे कोणतीही मार्गदर्शिका हतबल आहे.

शंका-समाधान

*आमच्या गावात कोणाला बेरीबेरी झालेला ऐकलं नाही. मग ही कृती निष्फळ ठरते का?*

तसं म्हणता येईल. आपल्या ताटात भाताच्या जोडीला डाळ, भाकरी, शेंगदाणे असतात तोवर पांढऱ्या भाताचं काही चालत नाही. जोडीदार एकेक करून उठवावे लागतील.

*रेशनचा तांदूळ तर आता पोषणयुक्त करून मिळतो ना?*

मिळतो. पांढऱ्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात कारखान्यात केलेले कृत्रिम दाणे मिसळतात. त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ सक्तीचं आहे, ब-१ ऐच्छिक. म्हणजे गिरणीत काढलेलं परत घालण्याची सक्ती कोणावरही नाही. आणि एक ताकीद: ते दाणे प्लॅस्टिकचे समजून निवडून फेकू नयेत. ते तांदळाच्याच पिठाचे असतात.

*पापुद्र्याचा तांदूळ टिकत नाही, त्याला लवकर वास येतो. मग काय करायचं?*

ही तक्रार खरी आहे. कोंड्यातल्या तेलामुळे तो खवट होतो आणि कीडही लवकर लागते. म्हणून जाणते लोक भात तुसासकट कणगीत ठेवत आणि लागेल तसा थोडा थोडा सडून घेत. वर्षाचा तांदूळ एकदम पांढरा करून पिंप भरण्याची कल्पना त्यांना सुचली नाही.

*बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की झालं, नाही का?*

झालंच. मेडिकलवाल्याचंही घर चालायला हवं. १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स याने ब-१ प्रयोगशाळेत बनवलं, तेव्हापासून ते बाटलीत मिळतं. डॉक्टरने दिलं असेल तर अवश्य घ्यावं. मधुमेही, दारूचं व्यसन असलेले, वारंवार उलट्या होणाऱ्या गरोदर बायका यांना त्याची खरी गरज पडू शकते. मात्र जरुरीपेक्षा जास्त घेतलेलं शरीर साठवत नाही, लघवीवाटे बाहेर टाकतं. आणि तळपाय बधिर वाटत असतील, पायांवर सूज असेल, चालताना धाप लागत असेल, तर गोळी स्वतःच्या मनाने न घेता दवाखाना गाठावा. ही लक्षणं दुसऱ्या आजारांचीही असतात.

ताळेबंद

माणशी रोज ३०० ग्रॅम तांदूळ धरू. हातसडीचा असेल तर कच्च्या तांदळात ब-१ ०.६३ मिलिग्रॅम. गिरणीत पॉलिश केल्यावर ०.१८. चोळून धुतल्यावर ०.११ च्या आसपास. पेज ओतल्यावर आणखी कमी. बैठ्या कामाच्या माणसाची रोजची गरज १.४ मिलिग्रॅमच्या जवळपास आहे. खाचरात राबणाऱ्याची त्याहून बरीच जास्त. खर्चाच्या बाजूला गिरणीचे पैसे दोनदा, कणी पडून झालेली तूट आणि गोळ्यांचं पाकीट. जमेच्या बाजूला पांढराशुभ्र भात आणि पाहुण्यांनी काढलेले दोन शब्द.

ज्यांना हा हिशेब पटला, त्यांनी पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी. ज्यांना पटला नाही, त्यांच्यासाठी उलटी कृती थोडक्यात अशी: गिरणीत एकच हात मारायला सांगा, तांदूळ कमी धुवा, पाणी मोजून घाला, सोड्याचा डबा वरच्या फळीवर ठेवा, आठवड्यातून चार दिवस तरी नाचणीची नाहीतर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ताटात येऊ द्या. यातल्या एकाही गोष्टीला जादा पैसे पडत नाहीत. ब-१ ठेवायला काही लागत नाही. खर्च येतो तो घालवायला.